जेटीवर चालणारा बोटीचा एसी जनरेटरवर बंद पडतो तेव्हा

जेटीच्या विजेवर रात्रभर बिनतक्रार चालणारा एसी जनरेटरवर घेतला की बंद पडतो, ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की ती सांगणाऱ्याचे पुढचे वाक्यही आता ठाऊक झाले आहे. “जनरेटर लहान पडतो” किंवा “गॅस कमी झाला असेल” यांपैकी एक निदान मालकाने आधीच ठरवलेले असते. बहुतेक वेळा दोन्ही चुकीचे निघते. गॅस कमी असता तर एसी जेटीवरही नीट चालला नसता. आणि जनरेटर खरोखरच लहान असता तर तक्रार बोट घेतल्या दिवसापासून असती, गेल्या काही महिन्यांपासून नव्हे.

हे लिखाण समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या एसीबद्दल आहे, कारण केबिन असलेल्या बहुतेक बोटींवर तोच असतो. घरच्या एसीचे बाहेरचे युनिट उष्णता हवेत सोडते. बोटीत तेच काम तळातून पंपाने ओढलेले पाणी कंडेन्सरमधून, म्हणजे गॅसची उष्णता काढून घेणाऱ्या नळीतून, फिरून करते. त्यामुळे एसी चालण्यासाठी कॉम्प्रेसर, हवेचा पंखा आणि पाण्याचा पंप अशा तीन मोटारी एकाच वेळी धडधाकट असाव्या लागतात, आणि त्या तिघींनाही जनरेटरकडून योग्य व्होल्टेज व योग्य फ्रीक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, हर्ट्झमध्ये) मिळावी लागते. दोष शोधताना ही तिहेरी रचना सतत डोळ्यांसमोर ठेवावी.

लक्षणे, आणि ती कधी दिसतात

तक्रारीची पाच रूपे नेहमी दिसतात. पहिल्या रूपात कॉम्प्रेसर सुरू होताना नुसता घुमतो, केबिनमधले दिवे मंदावतात, जनरेटरचा आवाज दबतो आणि काही सेकंदांत ब्रेकर पडतो, किंवा कॉम्प्रेसर स्वतःच्या संरक्षक स्विचमुळे गप्प होतो. दुसऱ्यात एसी व्यवस्थित सुरू होतो, थंड हवाही येते, पण पाच-दहा मिनिटांत कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र चालू राहतो आणि डिस्प्लेवर हाय प्रेशरचा कोड येतो, म्हणजे पाण्याकडे उष्णता न गेल्यामुळे गॅसचा दाब वाढलेला असतो. तिसऱ्यात सर्व ठीक चाललेले असताना गीझर, चार्जर किंवा दुसऱ्या केबिनचा एसी चालू होतो आणि त्याच क्षणी लो व्होल्टेजचा कोड दिसतो. चौथ्यात काहीच बंद पडत नाही, फक्त थंडावा जेटीवर मिळतो त्याहून कमी मिळतो. पाचव्यात तासाभराने जनरेटरच हेलकावे खाऊ लागतो, म्हणजे त्याचा वेग वरखाली होतो, आणि एसी त्याच्यामागे बंद पडतो.

म्हणून पहिले साधन पान्हा नव्हे, घड्याळ. चालू केल्यापासून बंद पडेपर्यंत किती वेळ गेला हे नोंदवा. काही सेकंदांत बंद पडला तर दोष सुरुवातीच्या विजेत असतो. काही मिनिटांत पडला तर जवळजवळ नेहमी पाण्यात. आणि बराच वेळ चालून पडला तर जनरेटरचे इंधन, त्याची उष्णता किंवा दुसऱ्या उपकरणाचा भार यांच्याकडे पाहावे लागते. डिस्प्लेवरचा कोड मात्र रीसेट करण्याआधी लिहून घ्यावा, कारण वीज तोडल्यावर काही नियंत्रकांत तो पुसला जातो.

त्यानंतर एक फुकटची चाचणी करा. बोट जेटीला बांधलेलीच ठेवून जेटीची वीज तोडा, जनरेटर चालू करा आणि बाकी सारी उपकरणे बंद ठेवून एकटा एसी अर्धा तास चालवा. असा तो नीट चालला आणि फक्त प्रवासातच बंद पडत असेल, तर विजेला दोष देण्याचे कारण उरत नाही. चालत्या बोटीच्या तळाशी पाण्याबरोबर हवा शिरते आहे, किंवा प्रवासात दुसरी उपकरणे जोडली जात आहेत. बांधलेल्या बोटीवरही तो बंद पडला, तर प्रवासाचा संबंध नाही. या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते, तरीही ती कोणी करत नाही.

सुरुवात पॅनेलपासून

सर्वांत स्वस्त तपासणी पॅनेलवर होते. जेटी आणि जनरेटर यांच्यात निवड करणारा स्विच पूर्णपणे बसला आहे का, तो मधल्या जागी अर्धवट अडकला नाही ना, हे पाहा. काही बोटींमध्ये मागाहून बसवलेल्या एसीचा कॉम्प्रेसर एका ब्रेकरवर आणि पाण्याचा पंप दुसऱ्या ब्रेकरवर असतो, आणि त्या दुसऱ्या ब्रेकरला फक्त जेटीची वीज पोहोचते. अशा बोटीत जनरेटरवर कॉम्प्रेसर फिरतो, पण पंप फिरत नाही, आणि दोष दिसायला थेट हाय प्रेशरसारखा दिसतो. पंपावर हात ठेवला तर तो फिरतो आहे की नाही हे कंपनावरून लगेच कळते.

मग भाराचा हिशेब करा. ताशी १२,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचे माप), म्हणजे एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो आणि त्यासाठी पंपासह एक ते दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतो. हा झाला चालू असतानाचा भार. कॉम्प्रेसर उभ्या अवस्थेतून फिरायला लागतो त्या क्षणी मात्र तो चालू भाराच्या तीन ते सहा पट करंट ओढतो. जेटीची वीज मोठ्या जाळ्यातून येत असल्यामुळे तिला हा धक्का जाणवतही नाही; छोट्या जनरेटरला तो पूर्ण जाणवतो. जनरेटरच्या पाटीवर आकडा केव्हीएमध्ये असेल तर तो किलोवॅट समजू नये: ०.८ पॉवर फॅक्टरवर (केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅटच. गीझर एकटाच एक किलोवॅटच्या वर जातो, आणि बॅटऱ्या उतरलेल्या असतील तर चार्जरही सुरुवातीचा तास-दोन तास भरपूर वीज घेतो. जनरेटर सुरू केल्याबरोबर एसी, गीझर आणि चार्जर हे तिन्ही आपोआप जोडले जात असतील तर कॉम्प्रेसरला उठायला जागाच राहत नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे क्रम ठरवणे. जनरेटर सुरू झाल्यावर त्याला दोन-तीन मिनिटे मोकळा फिरू द्यावा, मग एसी जोडावा, तो स्थिर झाल्यावर चार्जर, आणि गीझर सर्वांत शेवटी. दोन एसी असतील तर नियंत्रकाच्या सेटिंगमध्ये त्यांच्या सुरू होण्यातला विलंब वेगवेगळा ठेवावा, नाहीतर वीज आल्यावर दोघेही एकाच सेकंदाला उठतात. त्याचप्रमाणे बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच पुन्हा चालू करू नये. आतल्या दोन बाजूंचा दाब समान व्हायला साधारण तीन मिनिटे लागतात, आणि त्याआधी त्याला उठवायचे म्हणजे दाबाविरुद्ध ढकलायचे. जनरेटरवर तो त्या अवस्थेत उठतच नाही.

जनरेटर इन्व्हर्टर जातीचा, म्हणजे वीज इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून घडवून देणारा असेल तर इको मोड बंद करून पाहा. त्या मोडमध्ये इंजिन भाराप्रमाणे मंद फिरत असते आणि कॉम्प्रेसरचा धक्का येईपर्यंत त्याला वेग पकडायला वेळ मिळत नाही. या जनरेटरची क्षणभर जादा भार सोसण्याची क्षमताही साध्या जनरेटरपेक्षा कमी असते. ते फ्रीक्वेन्सी पडू देत नाहीत, सरळ ओव्हरलोड दाखवून वीज तोडतात.

पाणी: सर्वांत जास्त दोष येथेच

काही मिनिटांत बंद पडणाऱ्या एसीबाबत मी मीटर काढण्याआधी बोटीच्या बाहेर वाकून पाहतो. एसीचे पाणी जिथून समुद्रात पडते तिथे धार अखंड आणि जोमदार हवी. ढोबळ हिशेबाने एका टनामागे मिनिटाला सुमारे ११ लिटर पाणी लागते. खात्री करायची तर धारेखाली बादली धरून घड्याळ लावावे. धार तुटत असेल, फुसफुसत असेल किंवा तिच्यात बुडबुडे असतील, तर हवा शिरते आहे. धार बारीक पण अखंड असेल, तर वाट कुठेतरी बुजली आहे.

बुजलेली वाट शोधताना तळापासून वर यावे. तळाच्या जाळीवर शंख-शिंपल्यांचा थर चढतो. प्लॅस्टिकची पिशवी किंवा जेलीफिश चिकटून बसते. त्याच्या वरची झडप पूर्ण उघडी आहे का ते दांडी हलवून पाहावे, कारण अर्धी उघडी झडप जेटीवर चालून जाते आणि जनरेटरवर नडते. त्याचे कारण पुढे येईल. झडपेनंतरची गाळणी प्रत्येक वेळी उघडून धुवावी, मात्र तत्पूर्वी झडप बंद करावी. ही सूचना अनावश्यक वाटेल, पण गाळणीचे तोंड पाण्याच्या पातळीखाली असते, आणि झडप उघडी ठेवून झाकण काढले तर बोटीत पाणी भरू लागते. झाकण परत लावताना त्याची रबरी रिंग स्वच्छ करून नीट बसवावी. ही रिंग चिरलेली असली तर पाणी बाहेर गळत नाही, उलट पंपाच्या ओढीने हवा आत शिरते, आणि दोष डोळ्यांना दिसत नाही.

हवेचा प्रश्न वेगळा समजून घ्यायला हवा. एसीचा पंप सहसा सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरत्या चक्राने पाणी बाहेर फेकणारा असतो आणि त्याला स्वतःहून पाणी वर ओढता येत नाही. पाणी त्याच्यापर्यंत आपसूक यावे म्हणून तो पाण्याच्या पातळीखाली बसवलेला असतो. हवेचा एक फुगा त्यात अडकला तर मोटार फिरत राहते, पण पाणी पुढे सरकत नाही. म्हणून तळापासून गाळणी, गाळणीपासून पंप आणि पंपापासून कंडेन्सरपर्यंत नळी सतत चढत जायला हवी, मध्ये कुठेही खालीवर कमान नको. दुरुस्तीनंतर कुणी नळी लांब ठेवून वळसा घातला असेल तर त्याच वळशात हवा साठते. अडकलेली हवा काढायला पंप बंद करून पंपाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूची नळी सैल करावी, पाणी येऊ लागले की पुन्हा घट्ट आवळावी.

“मग जेटीवर का चालतो?” हा प्रश्न येथे हमखास येतो, आणि त्याला तीन उत्तरे आहेत. पहिले म्हणजे काही बोटींत जनरेटरचे थंड करणारे पाणी आणि एसीचे पाणी तळातल्या एकाच छिद्रातून येते. जनरेटरचा रबरी पात्यांचा पंप जोरात ओढतो, आणि एसीच्या दुबळ्या पंपाच्या वाट्याला उरलेसुरले पाणी येते. जनरेटर बंद असताना, म्हणजे जेटीवर, एसीला सगळे पाणी मिळते. हे तपासण्यासाठी जनरेटर चालू असतानाची आणि जेटीवरची अशा दोन्ही धारा बादलीने मोजून पाहा. फरक स्पष्ट असेल तर एसीसाठी स्वतंत्र छिद्र आणि स्वतंत्र झडप हाच खरा उपाय आहे, आणि ते काम बोट पाण्याबाहेर काढून करायचे असते.

दुसरे उत्तर प्रवासाचे. चालत्या बोटीच्या तळाखालून हवेचे बुडबुडे वाहतात. तळावरचे जाळीचे तोंड पुढच्या दिशेने उघडे नसेल, किंवा ते एखाद्या बाहेर आलेल्या भागाच्या मागे असेल, तर ते बुडबुडेच आत ओढले जातात. वेग कमी केल्यावर एसी पुन्हा चालू होत असेल तर निदान पक्के समजावे.

तिसरे उत्तर फ्रीक्वेन्सीचे आहे आणि सर्वांत कमी लोक तिकडे पाहतात. पंपाच्या मोटारीचा वेग फ्रीक्वेन्सीबरोबर बदलतो. फ्रीक्वेन्सी दहा टक्के घटली तर पाण्याचा प्रवाह सुमारे दहा टक्के कमी होतो, पण पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे तो १९ टक्क्यांनी खाली येतो. स्वच्छ नळ्या असतील तर ही घट खपून जाते. अर्धी उघडी झडप, थोडी बुजलेली गाळणी आणि आतून खपली धरलेला कंडेन्सर एकत्र असतील, तर जेटीवर कसाबसा निभावणारा प्रवाह जनरेटरवर अपुरा पडतो. म्हणजे दोष पाण्याचा असतो आणि उघडा पडतो विजेमुळे. जनरेटर बदलून घेतलेल्या बोटीवरही एसी बंद पडत राहतो, त्यामागे बहुधा हेच असते.

याच टप्प्यावर हवेची बाजूही पाहून घ्यावी: परतीच्या जाळीमागचा फिल्टर धुवावा, एवढे पुरते. केबिनमधून आत जाणारी हवा आणि झरोक्यातून बाहेर येणारी हवा यांत ८ ते ११ अंश सेल्सिअसचा फरक मिळत असेल, तर एसीचे मुख्य यंत्र ठीक आहे आणि थंडावा अपुरा वाटण्याचे कारण उघडी झाकणे, ऊन किंवा हवेच्या नळीतली गळती यांत शोधावे.

मीटर लावून पाहणे

येथून पुढे वीज मोजायची आहे. जिवंत तारांपाशी काम करण्याचा सराव नसेल तर हा भाग स्वतः करू नये. सराव असेल तरी ओल्या पायांनी, एकट्याने किंवा हेलकावणाऱ्या बोटीवर करू नये. मीटर ट्रू आरएमएस जातीचा, म्हणजे वेड्यावाकड्या लहरीचाही खरा आकडा देणारा असावा, कारण चार्जरसारख्या उपकरणांमुळे जनरेटरच्या विजेची लहर विकृत होते आणि साधा मीटर चुकीचा आकडा दाखवतो. फ्रीक्वेन्सी मोजणारा क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) मिळाला तर सर्वांत सोयीचे.

मोजणी दोन ठिकाणी करावी: जनरेटरच्या टर्मिनलवर आणि एसीच्या टर्मिनलवर. बहुतेक जण फक्त जनरेटरपाशी मोजतात, तिथे आकडा ठीक दिसतो आणि शोध चुकीच्या दिशेने जातो. एसी चालू असताना दोन्हींत तीन टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर मधली तार बारीक आहे किंवा एखादा जोड सैल वा गंजलेला आहे. खारट हवेत तांब्याच्या जोडांवर हिरवट थर येतो. निवडीच्या स्विचच्या मागचे स्क्रू सैल होऊन काळे पडतात. हा स्विच जेटी आणि जनरेटर यांसाठी वेगवेगळे संपर्क वापरतो, म्हणून जेटीकडचे चांगले आणि जनरेटरकडचे जळलेले असे सहज होऊ शकते. दोन्ही बाजूंची वीज पूर्णपणे तोडून, मीटरने खात्री करून मगच स्क्रू आवळावेत.

आता आकडे. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या बोटीवर चालू भारात व्होल्टेज नेमक्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत राहायला हवे. २०७ च्या खाली एसी चालवत ठेवू नये. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे व्होल्टेज दहा टक्के घटले तर सुरू होण्याचा जोर जवळजवळ एक पंचमांश कमी होतो, आणि कॉम्प्रेसर उठायला जास्त वेळ घेत जास्त करंट ओढत राहतो. सुरुवातीच्या क्षणी आकडा खाली जाणे साहजिक आहे. तो लगेच वर येतो की तसाच दबून राहतो, हे महत्त्वाचे.

फ्रीक्वेन्सी वाचली की जनरेटरचे इंजिन कसे आहे ते कळते. चार ध्रुवांचा जनरेटर ५० हर्ट्झ देण्यासाठी मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि दोन ध्रुवांचा ३०००. ६० हर्ट्झच्या बोटीवर हेच आकडे १८०० आणि ३६०० होतात. यांत्रिक गव्हर्नरचा (गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) जनरेटर भाराविना मुद्दाम थोडा जास्त, साधारण ५२ हर्ट्झवर लावलेला असतो, म्हणजे पूर्ण भारावर तो ५० च्या जवळ स्थिरावतो. भाराविनाच तो ५० वर असेल तर भारावर तो ४८ किंवा त्याखाली जाणार हे उघड आहे. भाराविना ५२, पण एकट्या एसीवर ४७ दाखवत असेल तर इंजिनात जोर उरलेला नाही.

जोर कमी होण्याची स्वस्त कारणे आधी संपवावीत. डिझेलचा फिल्टर आणि त्याआधीचा पाणी वेगळे करणारा फिल्टर बदलावा, हवेचा फिल्टर पाहावा, इंधनाच्या नळीचे जोड आवळावेत. भाराविना इंजिन छान चालते कारण तेव्हा त्याला थोडेच डिझेल पुरते. भार आला की बुजलेला फिल्टर हवे तेवढे डिझेल जाऊ देत नाही. तासाभराने हेलकावे सुरू होणे हे बहुधा याचेच लक्षण असते: लाटांनी टाकीतला गाळ ढवळला जातो आणि फिल्टरवर येऊन बसतो. महिनोन्‌महिने फक्त दिवे आणि चार्जर यांच्यासाठी अगदी कमी भारावर चालवलेल्या डिझेल इंजिनात काजळी साठून जोर घटतो, हेही लक्षात ठेवावे. मोठ्या जनरेटरचा मोह आवरण्याचे ते एक चांगले कारण आहे.

गव्हर्नरचा स्क्रू फिरवून वेग वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. साध्या जनरेटरमध्ये वेगाबरोबर व्होल्टेजही वाढते, आणि भार काढल्यावर बोटीवरची सारी उपकरणे ते वाढीव व्होल्टेज सोसत बसतात.

कपॅसिटर आणि सॉफ्ट स्टार्टर

पाणी ठीक आहे, एसीपाशी व्होल्टेज ठीक आहे, फ्रीक्वेन्सीही ठीक आहे, आणि तरीही कॉम्प्रेसर जनरेटरवर नुसता घुमून थांबतो, अशा वेळी संशयित एकच उरतो: कपॅसिटर. कॉम्प्रेसरच्या मोटारीला सुरुवातीचा वळण देणारा जोर त्यातून मिळतो. वय झाले की त्याची क्षमता हळूहळू घटते. घटलेल्या कपॅसिटरवर जेटीची दणकट वीज कॉम्प्रेसरला ढकलून फिरवते. जनरेटरला ते जमत नाही. त्यामुळे कपॅसिटरचा दोष कितीतरी दिवस फक्त जनरेटरवरच दिसतो, आणि मालक जनरेटरलाच दोष देत राहतो.

तपासणी सोपी आहे, पण धोक्याची आहे. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठलेला राहतो. तो योग्य रोधकातून उतरवल्याशिवाय आणि मीटरने शून्य पाहिल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नये. पेचकसाने दोन टोके जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत वाईट आहे. त्याने कपॅसिटर बिघडतो आणि डोळ्यांनाही इजा होऊ शकते. मायक्रोफॅरड मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा कपॅसिटरवर छापलेल्या आकड्याशी आणि त्यापुढच्या टक्क्यांशी ताडावा. ३५ मायक्रोफॅरड, पाच टक्के असे छापले असेल तर ३३ च्या वर आकडा हवा; ३० दिसला तर बदलावा. डोके फुगलेला किंवा तेल गळणारा कपॅसिटर मोजत बसू नये. नवा घेताना मायक्रोफॅरड तोच आणि व्होल्टेजची क्षमता तेवढी किंवा जास्त असावी.

कपॅसिटर निरोगी असूनही जनरेटर काठावरच पुरत असेल, तर सॉफ्ट स्टार्टर हा खर्च सार्थकी लावणारा उपाय आहे. तो सुरुवातीचा करंट अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आणतो, आणि दिव्यांचे मंदावणे जवळजवळ थांबते. मात्र तो शेवटी बसवावा. पाण्याचा किंवा सैल जोडाचा दोष तसाच ठेवून बसवलेला सॉफ्ट स्टार्टर कॉम्प्रेसरला सहज उठवतो, आणि मग तोच कॉम्प्रेसर दहा मिनिटांनी हाय प्रेशरवर पडतो. पैसे गेले आणि तक्रार राहिली, असे त्यात होते.

कंडेन्सरची खपली

प्रवाह चांगला, गाळणी स्वच्छ, तरीही हाय प्रेशर, असे झाले तर कंडेन्सरच्या नळीत आतून खपली धरली आहे असे समजावे. थर पाण्याला अडवत नाही इतका पातळ असला तरी उष्णतेला अडवतो. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानांत साधारण ३ ते ६ अंशांचा फरक अपेक्षित असतो. फरक याहून बराच जास्त असेल तर पाणी कमी पडते आहे. फरक कमी आणि तरीही दाब जास्त, तर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. यावर सागरी यंत्रांसाठी मिळणारे सौम्य आम्ल-द्रावण बादलीतून छोट्या पंपाने कंडेन्सरमधून ठरलेल्या वेळेपुरते फिरवतात आणि नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुतात. बाथरूम साफ करण्याचे तीव्र आम्ल वापरू नये. त्याने खपलीबरोबर धातूही जातो, आणि कंडेन्सरला भोक पडले तर समुद्राचे पाणी थेट गॅसच्या बाजूला शिरून अख्खे युनिट निकामी होते.

कुठे थांबायचे

काही लक्षणे दिसली की पुढची तपासणी करत बसू नये. जनरेटर चालू असताना केबिनमध्ये कुणाला डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी जाणवली, अथवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर जनरेटर ताबडतोब बंद करून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे. हा वायू दिसत नाही आणि त्याला वास नसतो, आणि एसीसाठी सगळी दारे-खिडक्या बंद असल्यामुळे तो आत साचतो. एक्झॉस्ट तज्ज्ञाने तपासल्याशिवाय जनरेटर पुन्हा लावू नये. डेकवर ठेवलेल्या सुट्या पेट्रोल जनरेटरवर एसी चालवून झोपणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

धातूच्या भागाला हात लागून झिणझिण्या येत असतील, किंवा जनरेटरवर घेतल्याबरोबर गळतीचा ब्रेकर पडत असेल, तर न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी चुकली असण्याची शक्यता आहे. जनरेटरवर न्यूट्रल जनरेटरपाशी अर्थला जोडलेला असावा लागतो, जेटीवर तो किनाऱ्याकडे जोडलेला असतो, आणि म्हणून निवडीच्या स्विचने फेजबरोबर न्यूट्रलही बदलायला हवा. हे काम बोटींवरच्या विजेची माहिती असलेल्या इलेक्ट्रिशियनचेच आहे. घरगुती वायरिंगच्या सवयीने केलेली जोडणी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

व्होल्टेज भाराविनाही वरखाली होत असेल तर व्होल्टेज रेग्युलेटर, ब्रश किंवा वाइंडिंग यांच्याकडे जावे लागते. नवे फिल्टर लावूनही फ्रीक्वेन्सी पडत असेल तर गव्हर्नर आणि इंजेक्टर यांच्याकडे. दोन्ही कामे जनरेटरच्या तंत्रज्ञाला द्यावीत. गॅसच्या बाजूला तर हात लावूच नये. बोटीच्या एसीत गॅस अगदी मोजून भरलेला असतो. “जरा प्रेशर पाहतो” म्हणून गेज लावले की नळ्यांत गेलेला थोडासा गॅसही फरक पाडतो. गॅस खरोखर कमी असेल तर तो कुठून तरी गळतो आहे, आणि गळती न शोधता गॅस भरून देणाऱ्याला परत बोलावू नये.

तंत्रज्ञ आला की त्याला “जनरेटरवर चालत नाही” एवढेच सांगू नये. एसी किती मिनिटांनी बंद पडला, कोड कोणता होता, बाकी काय चालू होते, बोट उभी होती की चालत होती, बादली किती वेळात भरली, आणि एसीच्या टर्मिनलवर एसी चालू असताना व बंद असताना व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी किती होती, हे एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावे.